लोकस्थिती आणि गोष्ट : अमेरिकाविषयक मराठी पॉडकास्टांचा विचार

परदेशाचे वर्तमान आपल्या भाषेत कसे सांगावे, हा प्रश्न मराठी गद्याला नवा नाही. वृत्तपत्रकार, प्रवासवर्णनकार आणि व्याख्याते ह्यांनी तो आपापल्या परीने सोडविला आहे. गेल्या दहा वर्षांत तो पुन्हा पुढे आला तो पॉडकास्ट ह्या श्राव्य प्रकारामुळे. ह्या प्रकाराचे नाव अगदी अलीकडचे. २००४ च्या फेब्रुवारीत बेन हॅमर्स्ली ह्या इंग्रज पत्रकाराने 'गार्डियन' पत्रातील एका लेखात ते इतर एकदोन नावांबरोबर सहज सुचविले होते. अमेरिकेत २०१४ सालच्या 'सीरियल' ह्या मालिकेने त्यास लोकप्रियता मिळवून दिली, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने 'द डेली' सुरू केल्यावर रोजची राजकीय घडामोड सुमारे अर्ध्या तासाच्या संभाषणातून सांगण्याची पद्धत तेथे रूढ झाली. मराठीत बीबीसीची सेवा ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झाली. तिच्या 'तीन गोष्टी', 'सोपी गोष्ट' आणि 'गोष्ट दुनियेची' ह्या मालिकांतून, तसेच अनेक खाजगी मुलाखतमालांतून, अमेरिकेचे राजकारण व समाजजीवन मराठी कानांवर पडू लागले. ह्या निवेदनाचे मूल्यमापन कोणत्या कसोटीने करावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ह्यावर पहिला आक्षेप असा येईल की, ऐकावयाच्या वस्तूचा विचार वाङ्मयसमीक्षेने का करावा? त्यास उत्तर 'वाङ्मय' ह्या शब्दातच आहे. ज्या भाषेत कीर्तन, पोवाडा आणि व्याख्यान ह्यांचा विचार वाङ्मयेतिहासात होतो, त्या भाषेत ध्वनिमुद्रित निवेदनाला दाराबाहेर उभे करण्याचे कारण नाही.

वर सांगितलेल्या तिन्ही मालिकांच्या नावांत 'गोष्ट' हा शब्द आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मराठीत 'गोष्ट' म्हणजे बाब, आणि 'गोष्ट' म्हणजे कथाही. 'तीन गोष्टी' म्हणताना पहिला अर्थ वर असतो आणि 'गोष्ट दुनियेची' म्हणताना दुसरा. नाव ठेवणारांनी हा श्लेष जाणून ठेवला असो वा नसो, प्रकाराचा स्वभाव त्यातून प्रकट होतो. बातमीची कथा झाली की तिला नायक लागतो, संघर्ष लागतो, आणि पुढील भागापर्यंत उत्सुकता टिकविणारा शेवट लागतो. अमेरिकेच्या बाबतीत हा नायक आयताच मिळतो. २०१६ पासून अमेरिकेविषयी मराठीत जे ऐकविले गेले, त्याचा मोठा भाग एका व्यक्तीच्या आख्यानाने व्यापलेला आहे. डोनाल्ड ट्रम्प काय बोलले, कोणावर रागावले, निवडणूक कशी हरले, पुन्हा कसे जिंकले, हे श्रोत्यास पाठ झाले. ज्या देशात हे घडले त्याची घडण कशी आहे, हे मात्र बहुधा धूसरच राहिले.

ह्या ठिकाणी एका जुन्या ग्रंथाची आठवण अपरिहार्य ठरते. पंडिता रमाबाई १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियास आल्या आणि १८८८ च्या अखेरीपर्यंत अमेरिकेत राहिल्या. परत आल्यावर १८८९ साली त्यांनी जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचे नाव 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त'. नावातील शब्दांचा क्रम पाहण्याजोगा आहे. प्रवासवृत्तास, म्हणजे कथेस, दुसरे स्थान आहे. पहिले स्थान लोकस्थितीला. राज्यव्यवस्था, गृहस्थिती, शिक्षण, धर्मपंथ व परोपकाराची कामे, स्त्रियांची स्थिती, उद्योगव्यापार, असा त्या ग्रंथाचा विस्तार आहे. स्त्रियांच्या संस्था सभा कशा भरवितात, निधी कसा गोळा करतात, शाळा कोणाच्या पैशावर चालतात, हे लेखिका बारकाईने सांगते. कारण ते समजून घेऊन स्वदेशी काही उभे करावयाचे होते, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उभेही राहिले. सुटलेल्या वसाहतीची राज्यपद्धती पारतंत्र्यातील वाचकास सांगण्यामागचा हेतू त्या वाचकास उघड करून सांगावा लागत नव्हता. काळ्या लोकांना व मूळच्या रहिवाशांना तेथे मिळालेल्या वागणुकीविषयीही त्यांनी स्पष्ट लिहिले आहे.

हा ग्रंथ निर्दोष आहे असे मात्र नाही. रमाबाईंना आश्रय देणारा वर्ग सुधारक, सुशिक्षित आणि प्रॉटेस्टंट होता; त्या वर्गाच्या खिडकीतून दिसणारी अमेरिका ग्रंथात वाजवीपेक्षा उजळ उतरली आहे. तथापि वाचकाच्या हाती तुलनेचे माप देणे, हे जे परदेशवर्णनाचे मुख्य कार्य, ते येथे पुरे होते. रमाबाई मायदेशी निघण्याच्या सुमारास, नोव्हेंबर १८८८ मध्ये, ग्रोव्हर क्लीव्हलंड ह्यांना देशभरातील अधिक मते मिळूनही बेंजामिन हॅरिसन निवडून आले. असेच २००० साली आणि २०१६ सालीही घडले. ह्या प्रसंगाची गोष्ट नुसती गोष्ट म्हणून सांगितली तर ती नवल ठरते. निर्वाचक मंडळाची रचना आधी समजलेल्या श्रोत्यास मात्र ती त्या रचनेची संभवनीय निष्पत्ती वाटते. रमाबाईंच्या पद्धतीने शिकलेला वाचक २०१६ साली चकित झाला नसता.

मराठी श्रोत्याला हा भेद समजावून देण्यासाठी पाश्चात्त्य समीक्षेकडे जाण्याची गरज नाही. नारदीय कीर्तनाचे दोन भाग सर्वांस माहीत आहेत. पूर्वरंगात बुवा एखादा अभंग घेऊन तत्त्वाचे निरूपण करतात. उत्तररंगात त्या तत्त्वास धरून आख्यान लावतात. आख्यान रंगते ते पूर्वरंगाच्या आधाराने. मध्यंतरानंतर येऊन बसणारे श्रोते प्रत्येक गावात असतात, पण त्यांच्यासाठी कोणी पूर्वरंग गाळीत नाही. अमेरिकाविषयक मराठी पॉडकास्टांत सर्वसाधारणपणे आढळते ते उत्तररंगापासून सुरू झालेले कीर्तन. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत तीर्थयात्रा करीत, आणि त्या स्वतःही लहानपणी पुराण सांगत; सांगण्याची ही शिस्त त्यांच्या गद्यात उतरली असल्यास नवल नाही.

पूर्वरंगाच्या अभावाचा परिणाम परिभाषेत सर्वांत लवकर दिसतो. जुन्या मराठीत अमेरिकेस 'संयुक्त संस्थाने' म्हणत. १९४८ नंतर संस्थाने विलीन झाली, आणि 'संस्थान' म्हटल्यावर राजाचे गादीघर किंवा देवस्थान एवढेच डोळ्यांपुढे राहू लागले. तेव्हा 'राज्य' हा शब्द आला. तो आज सर्वत्र चालतो. पण त्यामुळे ओहायो किंवा जॉर्जिया म्हणजे महाराष्ट्र किंवा गुजरात, अशी श्रोत्याची समजूत होते. मग तेथील प्रत्येक राज्य एकाच राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आपापल्या नियमांनी का घेते, फाशीची शिक्षा एका राज्यात का आहे आणि शेजारी का नाही, हे त्याला कोडेच राहते. ह्या बाबतीत जुना शब्द अधिक बोलका होता. मूळच्या स्वतंत्र सत्तांनी एकत्र येऊन काही अधिकार वर दिले, उरलेले आपल्याकडे ठेवले, ही जाणीव त्यात होती.

'सरकार ठप्प' हा शब्दप्रयोग घ्यावा. १ ऑक्टोबर २०२५ पासून १२ नोव्हेंबरपर्यंत, ४३ दिवस, अमेरिकेच्या संघसरकारची अनेक खाती खर्चाची मंजुरी नसल्यामुळे बंद राहिली. त्यापूर्वीचा उच्चांक २०१८–१९ सालच्या ३५ दिवसांचा होता. भारतात अर्थविषयक मागण्या लोकसभेत फेटाळल्या गेल्या तर सरकार पडते. तेथे खर्च नामंजूर झाला तरी राष्ट्राध्यक्ष जागच्या जागी असतो आणि पगार मात्र थांबतो. मराठी श्रोता 'ठप्प' ऐकून 'पडले' असे समजतो, ह्यात त्याचा दोष नाही. विधिमंडळ आणि कार्यकारी सत्ता ह्यांची तेथे केलेली फारकत दोन वाक्यांत सांगितली असती तर पुढचे आख्यान सरळ झाले असते. 'सोपी गोष्ट' ह्या नावाखाली एक प्रश्न घेऊन तो थोडक्यात उलगडण्याचा उपक्रम म्हणूनच उपयुक्त आहे. अडचण एवढीच की सोपे करताना काय गाळावे, हे अनेकदा घड्याळ ठरविते. 'गोष्ट दुनियेची' ह्या मालिकेची रीत, एक प्रश्न आणि त्यावर जाणकारांच्या साक्षी, ही पूर्वरंगाच्या अधिक जवळची आहे, आणि मराठीतील अशा प्रयत्नांत तिला वरचे स्थान द्यावे लागते.

परंतु निरूपण कोणासाठी, हेही पाहिले पाहिजे. श्रोता कोठे बसून ऐकतो ह्यावर निरूपणाचा आरंभबिंदू अवलंबून असतो. लोणावळ्याहून सकाळी निघालेली लोकल मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव करीत तळेगावास पोचेपर्यंत एका पॉडकास्टाचा एक भाग सहज ऐकून होतो. ह्या गाडीत कानांत यंत्र घालून बसलेला कामगार किंवा विद्यार्थी हा ह्या प्रकाराचा खरा श्रोता मानावयास हरकत नाही. त्याच्या दृष्टीने अमेरिका किती दूर आहे? अमेरिकेचे वर्तमान मावळच्या खोऱ्यात केव्हा व कशाच्या रूपाने आले, हे तपासले तर उत्तर अनपेक्षित मिळते.

बोरघाटातील लोहमार्ग २१ एप्रिल १८६३ रोजी खुला झाला. हे काम ऐन भरात असता त्यावर चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. त्या वेळी अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. दक्षिणेकडील बंदरांची कोंडी झाल्यामुळे लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे वळल्या होत्या. मावळ हा भाताचा मुलूख. कापूस येथे पिकत नाही. पण दख्खनच्या कापसाच्या गाठी ह्याच घाटातून मुंबईस उतरल्या. १८६५ च्या एप्रिलमध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, आणि त्याच वर्षी मुंबईच्या सट्टेबाजारात पेढ्या बुडाल्या. १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या, तेव्हा चौकशीस नेमलेल्या आयोगाने शेतकऱ्यांच्या कर्जाचा माग घेताना ह्या अमेरिकन तेजीमंदीपर्यंत मजल मारली. म्हणजे अमेरिकेच्या बातमीचा अर्थ लावण्याचे एक गंभीर उदाहरण पुणे जिल्ह्यात दीडशे वर्षांपूर्वी घडले आहे. त्यात लिंकनचे आख्यान नव्हते. भाव, पत आणि गहाणखते होती.

पुढील उदाहरण पाण्याचे. लोणावळे आणि वळवण येथील तलावांच्या पाण्यावर खोपोलीस वीज निर्माण होऊ लागली ती १९१५ साली. टाटांच्या ह्या जलविद्युत् कंपन्यांच्या व्यवस्थापनात १९२९ साली एका अमेरिकन वीजकंपनीने भागीदारी घेतली. न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला ते हेच वर्ष. संस्कृतीची देवघेवही एका बाजूची नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले. येल विद्यापीठाचे कोवूर बेहनन १९३० नंतरच्या वर्षांत तेथे येऊन योगाभ्यास करून गेले, आणि १९३७ साली त्यांचा योगाच्या शास्त्रीय परीक्षणावरील ग्रंथ अमेरिकेत निघाला. आज अमेरिकेतील योगवर्गांचे व त्यांवरील उलाढालीचे कौतुक मराठीत अमेरिकन संस्कृतीची एक लहर म्हणून ऐकविले जाते, तेव्हा लोकल ज्या स्थानकावरून सुटते त्याचे नाव त्या निवेदनात यावयास हवे होते. अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे २०२६ हे अडीचशेवे वर्ष. त्या निमित्ताने पुष्कळ कथा सांगितल्या जातील. १७७९ च्या जानेवारीत इंग्रजांनी वडगावास मराठ्यांपुढे हार मानून तह केला, तेव्हा तेच इंग्रज अमेरिकेतही लढत होते, आणि पुढे १७८१ साली यॉर्कटाउनला शरण गेलेले कॉर्नवॉलिस हेच १७८६ साली गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आले, एवढे तरी मराठी निवेदकाने विसरू नये.

परंतु सर्वांत बोलके उदाहरण आजच्या श्रोत्याच्या हयातीतले आहे. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना सप्टेंबर २००८ मध्ये सुरू झाला. त्याच महिन्यात लीमन ब्रदर्स ही अमेरिकन पेढी बुडाली. १ जून २००९ रोजी जनरल मोटर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि पुनर्रचित कंपनीचे साठ टक्क्यांहून थोडे अधिक भाग अमेरिकन सरकारच्या खजिन्याकडे गेले. तळेगावच्या कारखान्याच्या मूळ कंपनीचा सर्वांत मोठा धनी काही काळ अमेरिकन करदाता होता, ही गोष्ट तालुक्यात किती जणांना ठाऊक असेल? मे २०१७ मध्ये कंपनीने भारतात मोटारी विकणे थांबविण्याचे जाहीर केले. तळेगावचे उत्पादन मेक्सिको आणि इतर देशांकडे निर्यातीपुरते चालू राहिले. त्याच वर्षाच्या आरंभी ट्रम्प ह्यांनी मेक्सिकोत बनणाऱ्या मोटारींवरून ह्याच कंपनीला जाहीर धमकी दिली होती, आणि ते आख्यान मराठीतही सांगितले गेले. मेक्सिकोच्या बाजारात मावळात जुळविलेल्या मोटारी जात होत्या, हा धागा त्या आख्यानात नव्हता. डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन संपले. ग्रेट वॉल ह्या चिनी कंपनीशी झालेला विक्रीचा करार, चिनी गुंतवणुकीस सरकारी मंजुरी न मिळाल्यामुळे, २०२२ साली सुटला. हजाराहून अधिक कामगारांचा प्रश्न कामगार न्यायालयाच्या आणि वाटाघाटींच्या फेऱ्यांत अडकला. शेवटी २०२३ साली हा कारखाना घेण्याचा करार ह्युंदाई ह्या कोरियन कंपनीने केला. ह्या पंधरा वर्षांत अमेरिकेचे अर्थकारण, दिवाळखोरीचा कायदा, व्यापारधोरण आणि चीनशी बिघडलेले संबंध, सारे काही तळेगावच्या एका फाटकातून आत आले. 'लोकस्थिती' ह्या शब्दाने जे अभिप्रेत आहे ते हेच.

ह्याचा अर्थ असा नव्हे की प्रत्येक निवेदनात गावाचे नाव घुसडावे. तसे केल्यास ते हास्यास्पद होईल. अपेक्षा एवढीच आहे की व्यक्तीकडून रचनेकडे आणि रचनेकडून परिणामाकडे जाणारी वाट निवेदकास माहीत असावी. १९ सप्टेंबर २०२५ रोजी कुशल कामगारांच्या नव्या परवान्यांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावण्याची घोषणा झाली, तेव्हा पुण्यातील अनेक घरांत रात्रभर दूरध्वनी खणखणले. त्या शुल्कावरील मराठी चर्चांत घोषणा करणाऱ्याच्या स्वभावाचे विश्लेषण विपुल होते. राष्ट्राध्यक्षाच्या जाहीर फर्मानास कायद्याइतके बळ कोठून येते, न्यायालय ते कोठवर अडवू शकते, ही माहिती मात्र शोधूनच काढावी लागे.

पॉडकास्ट ह्या प्रकाराकडे हे करण्याची शक्ती नाही असे मुळीच नाही. वृत्तपत्राच्या स्तंभापेक्षा त्याला मोकळीक अधिक आहे. आवाजाला थांबता येते, शंका घेता येते, 'हे अजून स्पष्ट नाही' असे कबूल करता येते. 'द डेली'सारख्या मालिकेचे खरे सामर्थ्य तिच्या नाट्यात नसून वार्ताहराला 'तुला हे कसे कळले' असे विचारण्यात आहे. बातमीच्या पुराव्याची वाट श्रोत्यापुढे मांडली जाते. मराठी अनुकरणात नाट्य आले, पार्श्वसंगीतही आले. हा प्रश्न क्वचित आला. त्याचे कारण उघड आहे. निवेदकाने वार्ताहर पाठविलेला नसतो, त्याने इंग्रजी बातमी वाचलेली असते. शिवाय २०२४ च्या निवडणुकीत पॉडकास्ट स्वतःच राजकारणाचे साधन झाले. ट्रम्प ऑक्टोबरमध्ये जो रोगन ह्यांच्याशी सुमारे तीन तास बोलले आणि त्यांच्या प्रतिस्पर्धी कमला हॅरिस 'कॉल हर डॅडी' ह्या स्त्रीश्रोत्यांत प्रिय असलेल्या मालिकेत गेल्या. अशा वेळी साक्षीदार आणि प्रचारक ह्यांतील अंतर राखणे कठीण होते, आणि दुसऱ्या भाषेत उल्था करताना ते बहुधा पुसले जाते.

साक्षीदारांची मराठीत उणीव नाही, हे येथे नोंदविले पाहिजे. उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून चालू आहे, आणि तेथील मराठी कुटुंबांची दुसरी व तिसरी पिढी आता मतदान करते. शाळामंडळाची निवडणूक, घरावरील कर, रुग्णालयाचे बिल, ज्यूरीवर बसण्याची पाळी, ह्या लोकस्थितीच्या खऱ्या बाबी ही माणसे रोज पाहतात. मुलाखतीस बोलाविल्यावर त्यांना यशाची कहाणी विचारली जाते किंवा मराठी सण तेथे कसे साजरे होतात हे विचारले जाते. रमाबाई आज ध्वनिमुद्रक घेऊन त्यांच्या घरी गेल्या असत्या तर प्रथम बिल मागून पाहिले असते.

ह्या प्रकाराच्या अभ्यासात शेवटची अडचण संग्रहाची आहे. १८८९ चा ग्रंथ ग्रंथालयांत टिकला, म्हणून २००३ साली त्याचा इंग्रजी अनुवाद होऊ शकला. पॉडकास्टाची मालिका बंद पडली आणि चालकाने जागेचे भाडे भरणे थांबविले की तिचे भाग नाहीसे होतात. त्यांची छापील संहिता बहुधा नसते, आणि कोणत्या दिवशी काय सांगितले गेले ह्याची सूचीही कोणी ठेवीत नाही. २०१६ पासूनच्या अमेरिकाविषयक मराठी निवेदनांची तारीखवार सूची करणे आणि निवडक भागांचे लिप्यंतर करून ठेवणे, हे काम विद्यापीठीय मराठी विभागांनी हाती घेण्यासारखे आहे. 'राज्य', 'ठप्प', 'फर्मान' ह्यांसारख्या शब्दांचा प्रवास त्यातूनच तपासता येईल.